आतित्लानकाठच्या बारा चुली

दिवस पहिला, शनिवार, १० फेब्रुवारी २०२४

न्यू जर्सीतील आमच्या चर्चच्या वाहनतळावर पहाटे साडेतीन वाजता चौदा माणसे आणि सव्वीस मोठ्या बॅगा गोळा झाल्या, तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि प्रत्येकाच्या जाड कोटाखाली एकाच रंगाचा, पाठीवर चर्चचे नाव छापलेला टी-शर्ट होता. त्या सव्वीसपैकी बारा बॅगांत आमचे स्वतःचे काहीच नव्हते. लहान मुलांचे वापरलेले कपडे, बाहुल्यांच्या खेळाचे साहित्य, रंगीत खडू, दात घासायचे ब्रश आणि कामाच्या हातमोज्यांच्या तीस जोड्या असा ऐवज त्यांत ठासून भरला होता. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवराच्या काठी जाऊन, तिथल्या एका लहान चर्चच्या सोबतीने घरोघरी चिमणीच्या चुली बांधायच्या, असा या नऊ दिवसांच्या मिशन ट्रिपचा बेत होता.

अशा अल्प मुदतीच्या सेवाफेऱ्या हा अमेरिकेतील चर्चजीवनाचा आता नेमाचाच भाग झाला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी असा अंदाज मांडला होता, की वर्षाला १६ लाख अमेरिकन प्रौढ माणसे अशा फेरीवर परदेशी जातात आणि सरासरी आठवडाभर राहून परत येतात. मी या देशात राहायला येऊन सव्वीस वर्षे झाली, पण आजवर एकदाही या फेरीला गेले नव्हते, आणि त्याचे कारण घरचे आहे. मी मूळची अहमदनगरची; गावाचे नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले असले, तरी माझ्या जन्मदाखल्यावरचे नाव तेच. त्या गावात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने आपले ठाणे मांडले, आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आईबाप गमावलेली माझी पणजी त्याच मिशनच्या अनाथालयात वाढली. ज्या घराच्या दारात एकदा मिशन येऊन गेले आहे, त्या घरातली मी. आता त्याच मिशनच्या मुलुखातून, त्याच काँग्रिगेशनल परंपरेतल्या चर्चबरोबर, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहायचे, ही कल्पना मला वर्षानुवर्षे अवघड वाटत आली. यंदा आमच्या पाळकबाईंनी चौथ्यांदा विचारले, आणि चुलीचे काम आहे हे ऐकून मी होकार दिला.

विमान पाच तासांनी ग्वाटेमाला शहरात उतरले. सामानाच्या पट्ट्याभोवती आमच्यासारखेच आणखी तीन गट उभे होते, प्रत्येकाच्या टी-शर्टचा रंग तेवढा वेगळा. रात्रीचा मुक्काम शहरातच झाला.

दिवस दुसरा, रविवार

शहरातून पश्चिमेकडे डोंगर चढत जाणारा महामार्ग चिमाल्तेनांगोवरून सोलोलाकडे जातो. त्या रस्त्यावर अमेरिकेतल्या शाळांनी निकालात काढलेल्या पिवळ्या बसगाड्या नवे आयुष्य जगताना दिसतात. त्यांना भडक रंग, चकचकीत पट्ट्या आणि कपाळावर देवाचे किंवा मालकाच्या मुलीचे नाव लाभलेले असते, आणि आपल्याकडच्या ट्रकमागची अक्षरे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्या मुळीच परक्या वाटत नाहीत. आमच्या चालकाने सांगितले, की आदल्या ऑक्टोबरात हाच रस्ता कित्येक दिवस बंद होता. निवडून आलेल्या बेर्नार्दो आरेवालो यांना अध्यक्षपदावर बसू दिले जाणार नाही, या भीतीने माया लोकांच्या पंचायतींनी देशभर रस्ते अडवले होते, आणि जानेवारीच्या मध्यावर, आमच्या येण्याच्या महिनाभर आधी, अखेर त्यांचा शपथविधी झाला. आमच्या गटातल्या कोणालाही यातले काहीही ठाऊक नव्हते. प्रवासाच्या तयारीसाठी झालेल्या चार बैठकांत आम्ही बाहुल्यांच्या खेळाची तालीम तीन वेळा केली होती.

सोलोलाहून उतार सुरू झाला आणि सरोवर दिसले. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर, एका प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात साचलेले हे पाणी तीनशे मीटरहून खोल आहे, आणि त्याच्या दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान व आतित्लान हे तीन ज्वालामुखी उभे आहेत. पानाहाचेलच्या धक्क्यावरून यांत्रिक होड्यांनी पलीकडे जायचे होते. दुपारनंतर या पाण्यावर जो वारा सुटतो त्याला इथे ‘शोकोमिल’ म्हणतात आणि शहाणी माणसे त्याच्या आत काठ गाठतात. पण आम्ही जेवणात वेळ घालवल्यामुळे तो नेमका आम्हाला भेटला, आणि अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात बाहुल्यांची बॅग, कपड्यांच्या चार बॅगा आणि आमचा उत्साह असे तिन्ही भिजून निघाले.

सांतियागो आतित्लानच्या धक्क्यावर पाय ठेवला, तर समोर रांगेने बजाजच्या रिक्षा उभ्या. इथे त्यांना ‘तुक-तुक’ म्हणतात. औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कारखान्यात माझा चुलतभाऊ तीस वर्षे कामाला होता, त्यामुळे मी एका रिक्षाच्या पुढच्या काचेखाली हात ठेवून, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, ‘ही माझ्या गावाकडची आहे,’ असे चालक मुलाला सांगितले. त्याने नम्रपणे मान डोलावली आणि मला पाच केत्साल अधिक लावले.

दिवस तिसरा, सोमवार

आमचे यजमान चर्च म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची एक लांबट खोली, वर पत्रे आणि आत खोलीच्या मानाने फारच मोठे ध्वनिवर्धक. तिथल्या पाळकांनी बारा घरांची यादी करून ठेवली होती. त्यांत फक्त चर्चची कुटुंबे नव्हती, हे मला आवडले. चौदा जणांचे तीन गट पडले: दोन चुलींचे आणि एक मुलांच्या शिबिराचा. आमच्या पाच जणांना एक गवंडी मिळाला, पन्नाशीचा, बुटका, बोलण्यात अत्यंत काटकसरी. सगळे त्याला ‘माएस्त्रो’ म्हणत होते. इकडे गवंड्याला असेच म्हणतात. स्पॅनिश माएस्त्रो आणि पोर्तुगीज मेस्त्र हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज, आणि पोर्तुगिजांकडून तोच शब्द आपल्याकडे येऊन मिस्त्री झाला, हे आठवल्यावर मी त्याला मनातल्या मनात मिस्त्रीच म्हणू लागले. पगार आणि पाव हे शब्दही त्याच्या बोलण्यात आपल्या भावंडांच्या रूपाने भेटत राहिले.

पहिल्या घराचे स्वयंपाकघर म्हणजे मक्याच्या ताटांच्या कुडाची, पत्र्याच्या छताची खोली. मध्यभागी जमिनीवर तीन दगड, त्यावर मातीचा मोठा तवा, आणि कूड, छत, टांगलेल्या टोपल्या असे सगळे धुराने काळे, चकचकीत झालेले. आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले आणि मी चाळीस वर्षे मागे, नेवासे तालुक्यातल्या आजोळच्या चुलीपुढे जाऊन बसले. आमच्या गटातल्या एका तरुण मुलाला खोकला आवरेना, म्हणून त्याला बाहेर माल कालवायला बसवले.

चुलीची रचना साधी आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांचा कंबरेइतका ओटा बांधायचा, त्याचे पोट दगडमातीने भरून वर विटांचे आगखाणे करायचे, त्याच्याभोवती ऊब धरून ठेवणारी हलकी ज्वालामुखी खडी भरायची, वर ‘प्लांचा’ म्हणजे बिडाचा जाड पत्रा बसवायचा, आणि मागच्या बाजूने चार इंची पत्र्याची नळी छपरातून बाहेर काढायची. सांगायला सोपे असलेले हे काम करताना आमच्यातल्या दोन निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, एका दंतवैद्याने आणि मी मिळून पहिला थर असा रचला, की मिस्त्रीने पाणसळ लावून पाहिली, काही क्षण तिच्याकडे टक लावली, आणि काही न बोलता तीन ठोकळे उचलून बाजूला ठेवले. त्याने रागाचा एक शब्द काढला असता तर बरे वाटले असते. दुपारपासून आम्ही शहाणे झालो. ठोकळे वाहणे, वाळू चाळणे, घमेली भरणे एवढेच आमचे, आणि थापी व ओळंबा त्याचा, अशी वाटणी आपोआप झाली. आमच्या नगरच्या भाषेत सांगायचे तर आम्ही बिगारी झालो, आणि एकदा ते मान्य केल्यावर काम फार छान चालले.

या चुलींना शास्त्रीय इतिहासही आहे. २००२ ते २००४ या काळात याच देशाच्या सान मार्कोस भागातील पाचशेहून अधिक घरांत कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. काही घरांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून चिमणीची चूल आधी दिली आणि बाकीच्यांना चाचणी संपल्यावर. श्वासात जाणारा धूर सुमारे निम्म्यावर आला, लहान मुलांतला गंभीर न्यूमोनिया घटला, पण एकूण न्यूमोनियात ठामपणे सांगता येईल इतकी घट दिसली नाही. आमच्या चर्चच्या पत्रकात मात्र ‘एक चूल, एक जीव वाचला’ असे छापले होते. मला पत्रकापेक्षा तो अर्धवट निकाल अधिक प्रामाणिक वाटतो. आजोळी १९८० च्या दशकात सरकारी योजनेतली निर्धूर चूल आली होती. तिची चिमणी दोन पावसाळ्यांत फुटली, आणि पुढे कित्येक वर्षे आजी त्या चुलीच्या पोटात गोवऱ्या कोरड्या ठेवायची.

दिवस चौथा, मंगळवार

तिसऱ्या चुलीच्या घरची बाई साठीच्या पुढची असावी. अंगात पक्षी भरलेला जांभळ्या पट्ट्यांचा हुइपिल, कंबरेला गुंडाळलेला कोर्ते, आणि डोक्याभोवती चक्रासारखी लपेटलेली लांबच लांब लाल पट्टी. असा पट्टा ल्यालेल्या इथल्याच एका स्त्रीचा चेहरा देशाच्या २५ सेंताव्होच्या नाण्यावर आहे. बाई फक्त त्सुतुहिल, म्हणजे इथली माया भाषा, बोलत होत्या. त्यांची नात त्याचे स्पॅनिश करी, आमच्या गटातली महाविद्यालयीन मुलगी स्पॅनिशचे इंग्रजी करी, आणि मी मनात त्याचे मराठी करून घेई, कारण मामला चुलीचा होता.

ओटा सुकेपर्यंत जेवण त्या घरीच ठरले होते. बाईंनी आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच ठेवला होता, सकाळी तो चोळून धुतला होता, आणि नात तो पाटीत घेऊन गल्लीच्या टोकाच्या गिरणीवरून ओलाच दळून आणत होती. हे चुन्याचे पाणी म्हणजे नुसती चव नव्हे. त्याने दाण्याचे साल सुटते, पीठ एकजीव मळता येते आणि मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. ज्या ज्या मुलुखात मका गेला, पण ही युक्ती गेली नाही, तिथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला.

त्या तळहातांवर गोळा थापू लागल्या आणि मी बोलावण्याची वाट न पाहता शेजारी जाऊन बसले. भाकरी थापणे मी सहाव्या वर्षी शिकले आहे, त्यामुळे माझा आत्मविश्वास दांडगा होता. पण आपली भाकरी परातीवर पसरते आणि यांची हवेत, दोन हातांच्या टाळीत घडते, हा फरक माझ्या लक्षात येईपर्यंत माझी तोर्तिया, म्हणजे इथली मक्याची भाकरी, त्यांच्यापेक्षा तिप्पट रुंद होऊन कडेला चिरली होती. मी ती उचलून, पाण्याचा हात फिरवून, सरळ तव्यावर टाकली. बाई इतक्या हसल्या, की पदरासारखे अंगावर घेतलेले कापड तोंडाला लावून त्यांना बाहेर जावे लागले. नातीने भाषांतर केले: ‘आजी म्हणते, ही नवऱ्याला पांघरायला होईल.’

त्या हसण्यानंतर मला पणजीची गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर घास जरा जड गेला. १९०० सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज हिंदुस्थानातल्या दुष्काळग्रस्तांसाठी निघाले होते. तिथल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली होती, आणि जहाजाच्या पोटात होता तो मका. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, की अनाथालयात मिळालेली ‘अमेरिकेच्या मक्याची’ भाकरी थापली जात नसे, तव्यावर तुटे, आणि पोरांची पोटे दुखत. तरी पणजी ती खाऊनच जगली, आणि म्हातारपणी कोणी मक्याचे कणीस भाजले तर उठून दुसऱ्या खोलीत जाई. जहाजातून मका आला होता, चुन्याची युक्ती आली नव्हती. ज्यांना ती ठाऊक होती, त्यांच्यापैकी एकीच्या स्वयंपाकघरात मी बसले होते, आणि तिला स्वयंपाक कशावर करावा हे सांगायला आम्ही तीन हजार किलोमीटरवरून आलो होतो.

पणजीची दुसरी आठवण एका मडमेची. ती तीस वर्षांहून अधिक काळ नगरला राहिली, तिथल्या मातीतच पुरली गेली, आणि तिचे मराठी इतके अस्सल नगरी होते, म्हणतात, की भाजीवालीशी भांडताना आवाज नुसता ऐकणाऱ्याला ती गोरी आहे हे कळत नसे. पणजी तिला भीतही असे. केसांची तपासणी, शिस्त, वेगळा बंगला, वेगळा चहा हे सगळे होतेच, आणि त्या उपकाराचे ओझे आमच्या घरात अजून कुठेकुठे जाणवते. पण तीस वर्षे आणि भाषा या दोन गोष्टी त्या बाईने दिल्या. आम्ही देणार होतो पाच कामाचे दिवस, आणि आमच्यातल्या तेरा जणांना त्सुतुहिलमधला ‘मालत्योश’, म्हणजे आभार, एवढा एकच शब्द येत होता. चौदाव्याला तोही येत नव्हता.

जाता जाता मी बाईंना माझ्या डब्यातले चार वेलदोडे दिले. वेलदोड्यांच्या जागतिक निर्यातीत ग्वाटेमाला सगळ्यांच्या पुढे आहे, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या भारतीय दुकानातून मी घेतलेल्या पुडीवरही हाच देश छापलेला होता. पण पीक येते ते दूर आल्ता व्हेरापासच्या डोंगरांत आणि जाते बहुतेक अरबांच्या कॉफीत. बाईंनी ते हुंगले, आणि हे औषध कशावर घेतात, असे विचारले.

दिवस पाचवा, बुधवार

आज राखेचा बुधवार. आमच्या न्यू जर्सीच्या चर्चमध्ये या दिवशी कपाळाला राख लावतात. यजमान चर्चमध्ये ती प्रथा कॅथलिकांची म्हणून वर्ज्य आहे. त्यामुळे सकाळी आमच्या पाळकबाईंनी आणलेली राखेची डबी बॅगेतच राहिली, आणि दिवसभर गल्लीतून कपाळावर काळे क्रूस घेतलेली माणसे जात राहिली. मिस्त्रीही दुपारी तासभर गेला आणि राख लावून आला. तो कॅथलिक आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. यजमान पाळकांना ते अर्थातच पहिल्यापासून ठाऊक होते; गावातला चांगला गवंडी कोण, हा प्रश्न त्यांनी धर्मापासून वेगळा ठेवला होता.

काम लवकर आटोपले, म्हणून मी त्याच्याबरोबर चौकातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये गेले. भिंतीलगत संतांचे लाकडी पुतळे ओळीने उभे आहेत आणि गावच्या बायकांनी विणलेले खरेखुरे कपडे त्यांना घातलेले आहेत. बाजूच्या एका कोनाड्यात स्टॅन्ली रॉदर यांचे हृदय ठेवले आहे. ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९६८ साली इथे धर्मगुरू म्हणून आला, त्सुतुहिल शिकला, त्या भाषेत नव्या कराराचे भाषांतर करण्याच्या कामात सामील झाला, आणि शेतीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांत हात घालून राहिला. देशात १९६० पासून यादवी चालू होती. ती १९९६ च्या अखेरीस थांबेपर्यंत दोन लाखांच्या आसपास माणसे मारली किंवा नाहीशी केली गेली, आणि त्यांत बहुसंख्य माया होती. मारायच्या माणसांच्या यादीत आपले नाव आहे हे कळल्यावर रॉदर १९८१ च्या जानेवारीत ओक्लाहोमाला गेले, पण ईस्टरच्या सुमारास परत आले. २८ जुलैच्या रात्री त्यांना त्यांच्या राहत्या घरातच गोळ्या घातल्या गेल्या. देह माहेरी, म्हणजे ओक्लाहोमाला गेला. हृदय गावाने मागून ठेवून घेतले. २०१७ साली रोमन चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

आमच्या गटातल्या बाकीच्यांना हे नाव माहीत नव्हते. मी प्रॉटेस्टंट, तीही रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर वाढलेली. अस्थी आणि अवशेष पुजण्याची आम्हाला सवय नाही. तरीही तिथे मी बराच वेळ बसले.

संध्याकाळी यजमान चर्चमध्ये तीन तासांची उपासना झाली. पाहुण्यांनी काहीतरी गावे, असा आग्रह झाला, तेव्हा मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले, पेटी नाही, टाळ नाहीत, नुसत्या टाळीवर. मग अर्थ सांगायचा ठरला. मी इंग्रजीत सांगितले, आमच्या गटातल्या मुलीने स्पॅनिश केले, पाळकांनी त्याचे त्सुतुहिल केले, आणि ते माझ्या चार वाक्यांच्या मानाने इतके लांबले, की पाळकांनी त्यात स्वतःचे एक छोटे प्रवचन घातले असावे. कीर्तनाच्या परंपरेत ते बसतेच.

दिवस सहावा, गुरुवार

आजची दोन घरे पानाबाहची. २००५ च्या ऑक्टोबरात स्टॅन वादळाच्या पावसाने ज्वालामुखीचा उतार सुटला आणि या वस्तीवर चिखलाचा लोंढा आला. कित्येक माणसे अजून त्याच जमिनीखाली आहेत. आमच्या यजमानीणबाईंनी ते एका वाक्यात सांगितले आणि विटा कुठे ठेवायच्या ते दाखवले.

दुपारी मी मुलांच्या शिबिराकडे डोकावले. बाहुल्यांचा खेळ चालू होता, हरवलेल्या मेंढराचा. पुढच्या ओळीतली सात-आठ वर्षांची मुले बाहुलीच्या आधीच पुढचे वाक्य बोलत होती. चौकशी केली, तर गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या गटांनी हाच खेळ त्यांना आणखी दोनदा दाखवला होता. एका मुलीने आमच्या दंतवैद्याच्या पत्नीला, मेंढराची बाहुली उलटी धरली आहे, हे खुणेने सांगितले.

रात्री जेवणानंतर मी हिशेब मांडला, आणि तो मांडायला नको होता असे गटातल्या काहींना अजून वाटते. प्रत्येकी १,८५० डॉलर, म्हणजे चौदा जणांचे २५,९००. साहित्य आणि मजुरी मिळून एक चूल पडते सुमारे २२० डॉलरला, बाराचे २,६४०. बाकीचे विमान, होडी, मुक्काम, टी-शर्ट. मिस्त्रीची दिवसाची मजुरी दीडशे केत्साल, म्हणजे १९ डॉलरच्या आसपास. आम्ही घरी बसून नुसते पैसे पाठवले असते, तर आणखी शंभरावर चुली झाल्या असत्या आणि गावातल्या गवंड्यांना काही महिन्यांचे काम मिळाले असते. हा हिशेब काही माझा शोध नव्हे. १९९८ च्या मिच वादळानंतर होन्डुरासमध्ये अमेरिकन गटांनी बांधलेल्या घरांचा अभ्यास तिथेच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी केला, तेव्हा स्थानिक लोकांनी पाहुण्यांचा प्रेमाने उल्लेख करूनही हेच सुचवले होते, की प्रवासाच्या पैशांत आणखी घरे बांधता आली असती.

निवृत्त बँक अधिकाऱ्यांपैकी एकाने उत्तर दिले, ते खोडायला मला जमले नाही. ते म्हणाले, ‘मी घरी बसलो असतो, तर १,८५० डॉलर पाठवले नसते. पन्नास पाठवले असते.’ आमच्या पाळकबाई शांतपणे ऐकत होत्या. पुढच्या वेळी निम्मा गट आणावा आणि उरलेल्यांनी तिकिटाचे पैसे द्यावेत, असे मी सुचवले, तेव्हा, कोण न येता पैसे देईल त्यांनी हात वर करा, असे त्यांनी सांगितले. माझ्यासह तीन हात वर गेले.

दिवस सातवा, शुक्रवार

बारावी चूल दुपारी एकला पेटली. सातव्या घराची मात्र अडचण राहून गेली: तिथे छपराची तुळई नेमकी नळीच्या वाटेत येते, सरळ नळी नेता येत नाही, आणि हव्या त्या मापाचा एल्बो गावातल्या दुकानात नव्हता. मिस्त्रीने पत्रा वाकवून तात्पुरती सोय केली, पण जोडातून धूर झिरपतो, हे तो स्वतःच सांगत होता. तिसऱ्या घरी मी मुद्दाम जाऊन आले. तोर्तिया नव्या चुलीवर होत होत्या, आणि मका शिजवायचे मोठे भांडे प्लांच्यावर मावत नसल्यामुळे जुने तीन दगड अंगणात मांडून त्यांवर चढवले होते. बाईंनी एका भरतकामाच्या कापडात वीस तोर्तिया बांधून माझ्या हातात ठेवल्या आणि काहीतरी सांगितले. नात घरी नव्हती. मी दोन्ही हात जोडून ‘मालत्योश’ म्हटले.

दिवस आठवा आणि नववा

शनिवारी अँटिग्वा. १७७३ च्या भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त होईपर्यंत राजधानी इथे होती. आता पडक्या चर्चच्या भिंती, फरसबंद गल्ल्या आणि आमच्यासारख्या गटांनी भरलेली उपाहारगृहे आहेत. गच्चीवरून फुएगो ज्वालामुखी दिसतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तो धुराचा एक गोळा सोडत होता, आणि आमची मंडळी प्रत्येक गोळ्याला टाळ्या वाजवत होती. २०१८ च्या जूनमध्ये त्याने खालच्या वस्त्या गिळल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण फोटो काढला.

रविवारी नेवार्कच्या विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत का, असे अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा मी मक्याच्या भाकरी आहेत असे लिहून दिले होतेच. त्याने कापड सोडून पाहिले, वास घेतला, आणि जाऊ दिले. घरी पोचल्यावर त्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या. कापड धुऊन वाळत घातले, तेव्हा लक्षात आले, की त्याच्या कोपऱ्यात धाग्याने दोन आद्याक्षरे भरली आहेत, आणि विकाऊ कापडावर कोणी आद्याक्षरे भरत नाही.

मिस्त्रीचा दूरध्वनी क्रमांक आमच्या गटातल्या त्या मुलीकडे होता. तिच्याकडून स्पॅनिश लिहून घेऊन मी विचारले, की कापड मला भेट होते की नुसते बांधून देण्यापुरते. उत्तर तीन दिवसांनी आले. कापड नातीचे आहे, तिने लग्नासाठी विणले आहे, आजीने परत आणा असेच सांगितले होते. जुलैत जो गट येईल त्याच्याबरोबर पाठवावे. आणि सातव्या घरासाठी चार इंची एल्बो मिळाला, तर तोही.